रुद्राणीच्या पायरीवर मोडलेला हात

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, चैत्र शके १८९५

तीर्थरूप अण्णांना,

सावित्रम्माचा एका हाताचा नमस्कार. (दुसरा गळ्यात बांधलेला आहे, त्याचाही धरून चालावे.) वहिनींचा दमा कसा आहे? अक्कलकोटात विहिरींना पाणी आहे का? इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी एकटीच क्षेम. हे दुष्काळी कामांवर हजेरी लिहायला सांगोल्यास गेलेत, ते महिन्यातून एकदा धुण्याचे गाठोडे घेऊन येतात. लेक हेमावती सासरी बिदरला. घरात माझ्याखेरीज आवाज करणारा एक नळ होता, तोही हल्ली दिवसाआड नुसता खोकतो.

तुमचे पत्र पोचले. शेजारच्या रुद्राणीवर नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या वकीलसाहेबांनी तयार केली असून मी हो म्हणताच ती रजिस्टरने निघेल, हे वाचून मला घाम फुटला. मागे मीच रागाने तसे कळवले होते, ते खरे. पण त्यानंतर बरेच घडले, ते सविस्तर लिहिते. (आंतर्देशीय पत्राचे पैसे भरलेच आहेत, तर कोरी जागा कशाला पाठवा?)

सगळे बेलाच्या पानांवरून झाले. झाड रुद्राणीच्या अंगणात, पाने सगळ्या गल्लीच्या पूजेला, आणि कुरकुर तिची एकटीची. त्या सकाळी तिने रेशनची लाल मिलो ज्वारी पायरीवर उन्हात पसरली होती. (तुमच्याकडे मिळते का ही मिलो? भाकरी थापताना हातातच तुटते.) मी तोंडाने नामस्मरण करीत, वर झाडाकडे बघत गेले. पाय मिलोवर पडला, दाणे पायाखालून पळाले, आणि हाताला आले ते मी धरले. तो रुद्राणीचा भरलेला हंडा होता. मी, हंडा आणि मिलो एकदमच अंगणात पोचलो. माझे डावे मनगट मोडले. रुद्राणी धावत आली ती हंड्याकडे! तेव्हा मला फार लागले ते. यंदाच्या साली कोणीही आधी हंड्याकडेच बघेल, हे आता पटते, पण वर ती म्हणाली, "हाताला प्लास्टर मिळतं अक्का, पाण्याला काय लावू?"

प्लास्टर घालून टांग्याने परत आले आणि वही उघडली. टांगा, डॉक्टर, प्लास्टर, भाकऱ्या करून देणारी बाई. शेवटी 'मनस्ताप' असे लिहिले, त्याची रक्कम ठरेना म्हणून जागा सोडली. हे सगळे मी भिंतीवरून तिला वाचून दाखवले. तिनेही पलीकडून सुनावले, की हंडाभर पाणी, भिजलेली मिलो, हंड्याला गेलेला पोचा, आणि न विचारता अंगणात शिरणे, यांचे काय देता? दोन दिवस भिंतीवरून असे चालले. (खरे सांगते अण्णा, त्या दोन दिवसांत मी जितके बोलले तितके सबंध माघात बोलले नव्हते.)

शेवटी भिक्षेला येणाऱ्या जंगम सोमलिंगय्यांनी दोघींना समोर बसवले. मी म्हटले, पैशाचे एक वेळ राहू दे, पण माझी पूजा बुडते तिची भरपाई कोण करणार? इष्टलिंग घ्यायचे डाव्या तळहातावर, आणि तो हात तर उचलत नाही. ताटलीत ठेवून पाहिले, मन लागेना. अय्यांनी झोळी खाली ठेवली. मग म्हणाले, "रुद्राणी, तुझ्या पायरीनं हिचा हात घेतला. हाड जुळेपर्यंत तुझा हात हिला दे. आणि सावित्रम्मा, नळ आला की पहिला हंडा हिचा." झाला निकाल.

दुसऱ्या दिवशी रुद्राणी आली. माझ्यासमोर मांडी घालून, तोंड भिंतीकडे करून, माझ्या प्लास्टरखाली दोन्ही तळहात धरून बसली. पूजेत बोलायचे नसते, म्हणून भांडण तेवढा वेळ थांबले. तिचे हात अवघडले, पण खाली घेतले नाहीत. (रागावलेले माणूस किती नीट काम करते!) हळूहळू तोंड भिंतीकडून खिडकीकडे आले, मग माझ्याकडे. आता पूजा झाली की ती माझा अंबाडा घालते, कारण एका हाताने तो होत नाही. मग चहा. साखर तिची. तिचा मुलगा सुरतेला गिरणीत आहे. मी मॅट्रिक, म्हणून त्याची पत्रे माझ्याकडून वाचून घेते. नवे आले नसेल तर जुनेच पुन्हा. ती चहाचा कप विसळून पालथा घालून गेली, की उद्याच्या पूजेपर्यंतचा वेळ फार लांब वाटतो.

तेव्हा तूर्त नोटीस थांबवावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची बहीण,
सावित्रम्मा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. प्लास्टर मागल्या गुरुवारीच निघाले. डॉक्टर म्हणाले, हाड झकास जुळलेय, आता खुशाल कळशी उचला. मी घरी येऊन जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि हात पुन्हा गळ्यात बांधला. देवासमोर असे वागू नये हे मला कळते. त्याला रोज सांगते, की तुला ठाऊक आहे तेवढे पुरे, तिला कळू देऊ नकोस. वकीलसाहेबांना एवढेच विचारा, की हात बरा झाल्यावर भरपाई संपते का? आणि लोकांचे दावे बारा-बारा वर्षे चालतात म्हणतात, ते कसे चालवतात? तो उपाय उलट टपाली कळवावा. त्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. (हे कडेला लिहिते आहे, पत्र आडवे धरावे.) पत्र चिकटवणार एवढ्यात रुद्राणी आली. पूजा झाल्यावर हात न सोडताच म्हणाली, "प्लास्टर जाऊन लई दिवस झाले की, अक्का. वजन कळत नाही व्हय मला?" मला मान वर करवेना. तिने नेहमीसारखा अंबाडा घातला, चहा घेतला, आणि उठताना म्हणाली, "उद्या चटई मोठी टाका की. मीबी माझी पूजा हितंच करीन म्हणते."

तेव्हा वकीलसाहेबांना काही विचारू नका. नोटीस रद्द. फाडू मात्र नका. मागची बाजू कोरी असेल तर तशीच पाठवून द्या. रुद्राणीच्या मुलाला उत्तर लिहायचे आहे.