चारोळीचा लेप

ब्रह्मपुरी
१९ फेब्रुवारी २००३

प्रिय जोत्स्ना,

सलाम घे, नमस्कार घे, आणि दोन्ही घेऊन झाले की हातातला आरसा खाली ठेव.

इकडे सगळे बरे. बकरीद नीट पार पडली. रूही बाळंतपणाला आली ती अजून इथेच आहे. तिचं बाळ अडीच महिन्यांचं झालं आणि माझ्या मांडीवरून उतरायला तयार नाही. आमच्या जिशानच्या अब्बांचे गुडघे दुखतात, पण फक्त मला ऐकवण्यापुरते. चहाच्या टपरीपर्यंत छान चालतात.

तुझं कार्ड मिळालं. आधी पोस्टमनने वाचलं, मग दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना थोडक्यात सांगितलं, मग माझ्या हातात दिलं. "चेहऱ्यावरचे डाग तसेच आहेत. लग्नात मी समोर येणार नाही, आईचं सगळं थोरल्या जाऊबाई करतील." असं उघड्या कार्डावर लिहितात का गं? सबंध गडचिरोलीत तुला एक लिफाफा मिळाला नाही?

आणि हे काय खूळ काढलंस? निकेश तुझा एकुलता एक. नऊ मेला त्याला हळद तुझ्या जावेने लावायची, सुनेने तिच्याच पाया पडून घरात यायचं, आणि तू आतल्या खोलीत दार लावून बसणार? त्याच्या लग्नासाठी तू सोयरिकी बघत किती गावं पालथी घातलीस, ते मला ठाऊक आहे.

कार्डाच्या कडेने बारीक अक्षरात तुझा दिनक्रम दिला आहेस, तो वाचून तर माझं डोकंच फिरलं. सकाळी लिंबू. दहा वाजता डॉक्टरांचं मलम. दुपारी बटाट्याचा रस, कारण शेजारीण म्हणाली. संध्याकाळी हळद-बेसन, कारण जाऊ म्हणाली. झोपताना गोरं करणारी क्रीम, कारण टीव्हीवर दाखवतात. चेहरा आहे की बसस्टँडची भिंत? जो येतो तो काहीतरी चिकटवून जातो!

वीस वर्षं झाली मला बांगड्या, टिकल्या, पावडरी विकून. चाळिशी उलटलेल्या बायांचा मला वीट आला आहे, त्यांत मी आणि तूही आलो. जन्मभर तोंडाला कपड्याचा साबण लावायचा. रोवणीच्या चिखलात टाचा फुटून रक्त येईल, पण त्यांना तेलाचं एक बोट लागणार नाही. नवऱ्याच्या सायकलीला मात्र दर महिन्याला तेल. मग घरात लग्न निघालं की धावत येणार, "कमरबाई, पंधरा दिवसांत उजळ करन असं काई द्या." अगं, पंधरा दिवसांत तांब्याचा गुंड उजळतो, माणूस नाही.

आता नीट ऐक. लिंबू बंद, बटाटा बंद, हळद तर मुळीच नको. कोमट पाण्याने तोंड धू, मऊ कापडाने नुसतं टिप, घासू नकोस. ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब लाव. डॉक्टरांचं मलम त्यांनी सांगितलं तितकेच दिवस. उन्हात निघालीस तर डोक्यावरून पदर आणि वर छत्री, लोक हसले तरी हसू देत. टाचांना टोळीचं तेल चोळ. मोहाच्या बियांचं ते तेल, माझ्याकडून नेलेलं तुझ्या फळीवर तसंच पडून असेल. आणि लग्नाच्या लाडवांत गोडंबी घालू नकोस. बिबे तर घरातच आणू नकोस. का, ते विचारत बसू नकोस.

सुकरीने चारोळीत काय मिसळलं असेल, असं तू विचारतेस. मी काय सांगू? सुकरी पंधरा वर्षं दर बाजाराला जंगलातली चारोळी आणि टोळीचं तेल घेऊन माझ्या ओट्याशी बसते. निकेशची सोयरीक जमली आणि साक्षगंधाच्या चार दिवस आधी तू खरेदीला आलीस, गालांवरच्या वांगांमुळे कुरकुरत होतीस, आणि मीच म्हणाले की चारोळी दुधात वाटून लावू. मीच वाटली, मीच लावली. तू अंगणात बाजेवर आडवी होतीस आणि हसू नकोस, लेप तडकेल, म्हणून मी तुला दटावत होते. दोन दिवसांनी तोंड सुजलं, पाण्याचे फोड आले, आणि पोराच्या साक्षगंधात तू नाकापर्यंत पदर ओढून बसलीस. हे सगळं मला पाठ आहे. ते परत परत काढून काय होणार?

बाळ रडतंय. उठते.

तुझीच,
कमर


ब्रह्मपुरी
१२ मार्च २००३

प्रिय जोत्स्ना,

लिफाफ्याबद्दल आभार. तब्येत विचारलीस, तर रक्तदाब वाढला आहे, आणि तो तुझ्या पत्राने वाढला आहे.

"जाऊबाई म्हणतात सुकरीने करणी केली." तू म्हणत नाहीस, फक्त लिहून पाठवतेस. शाळामास्तराची बायको तू, सातवीपर्यंत माझ्या पुढे नंबर काढणारी, तुला एकदा म्हणवलं नाही, की बाई, असलं बोलू नका? त्या बोलल्या, तू ऐकून घेतलंस, आणि गोष्ट तुझ्या पत्राच्या आधी इथे पोचली.

गेल्या बाजारी काय झालं ते सांगते. सुकरी रोजच्या जागी बसली होती. कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "हे तेच ना वो, तोंड जाळनारी?" बाया थबकल्या. मग एकीने पायाने तिची टोपली उलटी केली. चारोळी सगळी नालीत. सुकरीने हाताला लागली तेवढी पदरात गोळा केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होते. मान वर केली नाही. त्या गिऱ्हाइकानेच विचारलं, "तुमी बी तिच्याचपासून घेता ना?"

"आता नाई घेत," मी म्हणाले.

असं म्हणाले मी. लिहून ठेवते आहे, म्हणजे नंतर मला फिरवता येणार नाही.

तू विचारतेस, चारोळी निवडून घेतली होती का? घेतली होती. दाणा न् दाणा चांगला होता. मग पुढच्याच ओळीत विचारतेस की मग झालं कशाने. आणि डॉक्टरही विचारतात की हे भाजल्यासारखं कशाने झालं. तुम्हा सगळ्यांना प्रश्न विचारण्याचा कंटाळा कसा येत नाही गं? कशाने झालं ते कळलं तर डाग उद्या जाणार आहेत का? तू तेल लाव आणि गप्प बस.

रागावू नकोस. हल्ली मी सगळ्यांवरच ओरडते. काल रूहीवर ओरडले, परवा जिशानच्या अब्बांवर. ते म्हणाले, "कमर, तुझे हुआ क्या है?" मी म्हटलं, वय झालं. या वयात बाईने काहीही केलं तरी हे उत्तर चालतं.

तुझीच,
कमर


ब्रह्मपुरी
३ एप्रिल २००३

जोत्स्ना,

आज खुशाली विचारत नाही. आधी सांगायचं ते सांगते, नाहीतर पुन्हा बाळ रडेल, दूध उतू जाईल, आणि मी उठून जाईन.

सुकरीच्या चारोळीत काही नव्हतं. माझ्या पाट्यावर होतं.

तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी मी बिबे फोडले होते. रूहीचे बाळंतपणाचे लाडू संपत आले होते, आणखी करायचे तर गोडंबी हवी, आणि बाजारातली खवट निघते. बिबे फोडून आतला गर काढायचा तर दगड वेगळा लागतो. तुझ्या घरी आहे तसा माझ्याही घरी आहे. पण तो टाकीमागे होता आणि त्यावर जळणाची लाकडं रचलेली. कोण उपसत बसणार? स्वयंपाकाच्या पाट्यावरच फोडले. हाताला तेल चोपडलं होतं, म्हणून त्या दिवशी मला काही झालं नाही. मग पाटा राखेने घासला, चार तांबे पाणी ओतलं, आणि झालं स्वच्छ म्हटलं. बिब्याचं कातडी जाळणारं तेल पाण्याने निघत नाही, तेला-तुपानेच पुसावं लागतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? काळा दगड, काळं तेल, दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यावर तुझी चारोळी वाटली आणि तुझ्या तोंडाला फासली.

मला कधी कळलं, तेही सांगते. तुझ्याच बरोबर. तुझं तोंड सुजलं त्याच दिवशी माझ्या बोटांना फोड आले, वाटणाऱ्या बोटांना. साक्षगंधात माझ्या बोटांवर मेंदी होती, आठवतं? तुझी जाऊ म्हणालीही, "कमरबाईले या वयात भलताच शौक." मी हसले. पदराआड तू रडत होतीस आणि मी मेंदीचा हात पुढे करून तुला सरबत दिलं.

गप्प का बसले? दुकान बसेल ही भीती होती. दुसरीही एक होती, तीही लिहिते. मुसलमान बाईने लेप लावला आणि तोंड जळलं, असं कुणी एकदा म्हटलं असतं, तर आजच्या दिवसांत ते कुठवर गेलं असतं, मला माहीत नाही. ती भीती खोटी नव्हती. पण मी ती उचलून सुकरीच्या डोक्यावर ठेवली, आणि ती तिथे बसलेली बघूनही बांगड्या भरत राहिले. तुला तेल-पाण्याचे धडे देत राहिले. तुझ्यावर वैतागले, कारण तू मला खरं तेच विचारत होतीस.

टोपली उलटली त्यानंतर सुकरी बाजाराला आलीच नाही. सोमवारी मी जीपने फाट्यापर्यंत गेले आणि पुढे तिच्या पाड्यावर चालत. अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "सुकरी, चूक माझी आहे. पाट्याले बिबा लागून होता."

ती फुलं पसरतच राहिली. मग म्हणाली, "मले मालूम आहे, बाई."

"कसं काय?"

"साक्षगंधानंतरच्या बाजाराले तुमी माह्याकडून तेल घेतलं ना. मेंदीखाली बोटं सोलून राह्यली होती. जलमभर बिबे येचते मी. मी नाई वळखीन त कोन वळखीन?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"माहं कोनं आयकलं असतं?" ती म्हणाली. "तुमी सांगान म्हणून मी येऊन बसत होती. दर बाजारी. मंग टोपली पालथी केली, तवाबी तुमाकडंच पाह्यलं."

तिने पाणी आणून दिलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. निघताना एवढंच म्हणाली, "मले सांगून का फायदा? मी त जानते. बाजारात सांगा."

काल बाजार होता. मी ओट्यावर उभी राहिले आणि सांगितलं. मध्येच एकदा थांबले, तर मागून जिशानचे अब्बा म्हणाले, "पूरा बोल." पुरं सांगितलं. काही बाया गेल्या, काही कुजबुजल्या, एकीने सकाळी घेतलेल्या टिकल्या परत आणून ठेवल्या. करणीची गोष्ट सांगायला ज्या सगळ्यात पुढे होत्या, त्यांनाच माझं ऐकायला वेळ नव्हता. सुकरी आली नव्हती. तिच्यापर्यंत पोचलं की नाही, ठाऊक नाही. पुढच्या बाजारीही सांगेन, ती येईपर्यंत दर बाजारी सांगेन.

आता तुझं. बिब्याचे डाग लवकर जात नाहीत, पण जातात. माझी बोटं बरीच निवळली आहेत. नऊ मेपर्यंत तुझा चेहरा पूर्ण साफ होईल असं खोटं मी सांगणार नाही. खोटं बोलून मी थकले.

पण तू आतल्या खोलीत बसायचं नाहीस. तोंड लपवायचं कुणी, तर मी. चार महिने ते काम तू करते आहेस आणि मी तुला करू दिलं. निकेशला हळद तूच लाव, आहेस त्याच चेहऱ्याने. कुणी विचारलं की काय झालं, तर माझं नाव सांग, आणि जाऊबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांग. करणी नाही, भूतबाधा नाही, ब्रह्मपुरीच्या कमरजहाँने आळस केला आणि मग भिऊन गप्प बसली. सुकरीचं नाव तुमच्या घरात पुन्हा निघू देऊ नकोस. एवढं एक मागते. माझ्यासाठी म्हणून मागत नाही.

मला लग्नाला बोलवायचं की नाही, ते तू ठरव. बोलावलं नाहीस तरी मी कुणाकडे कुरकुर करणार नाही.

शाळेपासून प्रत्येक पत्राखाली 'तुझीच' लिहीत आले. आज तो शब्द लिहायला माझा हात होत नाही. तुला द्यावासा वाटला, तर तू दे.

कमरजहाँ