हिरव्या काड्या

९ जानेवारी

दादाचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही — "बाबांची गाडी काढून घ्यायची."

का? तर गेटच्या खांबाला गाडी घासली. एवढंच! खांबाचा रंग दाराला लागला, दाराचा खांबाला. शेजाऱ्यांनी तत्परतेने त्याला कळवलं. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले, म्हणजे दादाच्या मते डोळे गेलेच.

मी म्हटलं, डोळे मी तपासलेत. चष्म्याचं दुकान काय मी हौस म्हणून चालवते? मोतीबिंदू काढल्यापासून बाबा तक्त्यातली शेवटची ओळ घडाघडा वाचतात, वर "छपाई फिकट आहे" म्हणून नाक मुरडतात. आयुष्यभर छापखाना चालवला, ती खोड काय सुटते!

"मग तूच ठरव," म्हणाला. "महिनाअखेरीला येतो तेव्हा सांग. गाडी बंद करायची असेल तर दोघांना मी इकडे घेऊन येतो."

म्हणजे घराला कुलूप. टेकडीवरचं ते शेवटचं घर, बस खालच्या चौकापर्यंतच, टॅक्सीवाले वर यायला का कू करतात. त्यात आईचा डावा गुडघा. गाडी गेली की घर गेलंच. आणि दादाच्या नवव्या मजल्यावर आईला चार दिवस करमत नाही.

११ जानेवारी

माझ्या घरात फरशी बसवायला घेतलीय, म्हणून महिनाभर मुक्काम वर, आई-बाबांकडे. बरंच झालं — बाबांचं गाडी चालवणं जवळून बघता येईल. ठरवायचं माझ्यावर आहे ना!

आज माझी जुनी गाडी अंगणात ठेवून त्यांची हायब्रिड घेऊन दुकानात गेले. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली तेव्हा आम्ही दोघं भावंडं हसलो होतो — या वयात हे काय खूळ! परत आले तर बाबांनी खिडकीतून आत डोकं घातलं, स्क्रीन बघितला. "लिटरला सतरा?" चेहरा असा, जसं काही मी गाडीला मारून आणलंय. "मला सव्वीसचं अ‍ॅव्हरेज पडतं."

सव्वीस! तीच गाडी, तोच रस्ता, तोच चढ. मी काही शर्यतीत पळवत नाही. मग मधलं पेट्रोल जातं कुठे? डोक्यात भुंगा शिरलाय.

१२ जानेवारी

विचारलं. "तुझ्या उजव्या पायात जातं," म्हणाले आणि पेपर उघडला.

१४ जानेवारी

आज मागच्या सीटवर बसून नीट पाहिलं. पुढे बाबा, शेजारी आई.

बसल्याबरोबर बाबांनी चपला काढल्या. अनवाणी चालवतात! उजव्या तळव्याला पट्टी. आई म्हणाली, गरम पाण्याच्या पिशवीने भाजलं, झोपेत कळलंच नाही त्यांना. साखरेचा त्रास जुना, त्यामुळे जखम भरायला वेळ लागणार. मी म्हटलं, मग चपला घाला की! तर म्हणतात, "पेडल पायाला कळायला हवं." कलाकार माणूस!

उतार लागला. चौकातला सिग्नल अजून खेळण्यातल्याएवढा दिसत होता आणि यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला पण! मग ब्रेकवर नुसता टेकवला. स्क्रीनवर हिरव्या काड्या उगवायला लागल्या — एक, दोन, तीन. आणि आई चक्क मोठ्यांदा मोजते! "तीन... चार... पाच नको, पाच नको... सोडा थोडा..." गाडी सिग्नलपाशी अशी थांबली की थांबल्याचं कळलं नाही.

मी म्हटलं, हा काय पोरखेळ? आई म्हणाली, "आमचा पत्त्यांचा डाव समज." बाबा मात्र चालवताना चकार शब्द काढत नाहीत.

घरी आल्यावर मात्र कळी खुलली. "सायकलचा डायनॅमो आठव," म्हणाले. चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि सायकल जड व्हायची. इथे तेच. ब्रेक हलका दाबला की चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज करते, वीज बॅटरीत जाते, त्या नादात गाडी हळू होते. किती वीज येतेय ते काड्या सांगतात. पुढच्या चढाला तीच वीज कामाला.

"आणि करकचून दाबला तर?"

"तर साधे ब्रेक पकडतात. घासतात, तापतात, संपलं. तू सगळं पेट्रोल तापवून वाऱ्यावर सोडतेस."

इतकी वर्षं ब्रेक मारतेय, पण मारलेल्या ब्रेकचं पुढे काय होतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कमाल आहे!

१७ जानेवारी

त्यांच्यासारखं चालवून बघितलं. लांबूनच पाय उचलायचा. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून वेडा झाला, एका बाईने पुढे जाताना माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण काड्या येतात! पाच-सहा आल्या की वाटतं, फुकट मिळालं.

एकवीस पडलं. एक अडचण मात्र आहे — काड्यांकडे बघत बसलं की रस्ता दिसत नाही. आज एक सायकल अगदी ऐन वेळी दिसली, करकचून ब्रेक मारला. बाबा तर माझ्यापेक्षा जास्त बघतात त्यांच्याकडे. मग ते कसं जमवतात?

२० जानेवारी

बाबांची गाडी सर्व्हिसिंगला नेऊन दिली. मेकॅनिक चाक काढून हसायलाच लागला. "ताई, हे ब्रेक पॅड कुणी वापरलेत की नाही? नवे वाटतात!" मी अभिमानाने म्हटलं, वडील चालवतात. मग काय, त्याला प्रश्नावर प्रश्न. तोही हौशी निघाला. म्हणाला, गाडी अगदी मुंगीच्या चालीवर आली की मोटरची वीज बंद, तिथून पुढे थांबेपर्यंत साधेच ब्रेक. म्हणून पार्किंगमध्ये काड्या दिसत नाहीत. हे बाबांनी सांगितलं नव्हतं!

बाबांचा आज वाचनालयात बुद्धिबळाचा दिवस. मी म्हटलं, माझी गाडी घेऊन जा. तर "तुझ्या डबड्यात मजा नाही." मी सोडते म्हटलं, तेही नको. दिवसभर खिडकीत बसून राहिले. लाड नुसते! आई त्यांच्या बाजूने — "राहू दे गं, नाही जायचं त्यांना."

२१ जानेवारी

आज तेवीस! बाबांना दाखवलं. "पास," म्हणाले. शाळेतसुद्धा इतकी हुरळले नव्हते.

२६ जानेवारी

दादा आला. येतानाच तोंड फुगवून. मी काही बोलले नाही, त्याला सरळ बाबांच्या गाडीत मागे बसवलं. उतार, चौक, बाजार, परत वर. कुठे धक्का नाही, हिसका नाही. आई नेहमीप्रमाणे मोजत होती, दादाला वाटलं गंमत चाललीय. वर येऊन मी स्क्रीन दाखवला. सव्वीस! म्हटलं, ज्याला नीट दिसत नाही त्याला असं अ‍ॅव्हरेज पडेल का? ज्याला पुढचं लांबून दिसतं त्यालाच पडतं. माझं सतरा पडलं होतं, मग माझी गाडी आधी काढून घे!

दादा हसला. "हरलो," म्हणाला. घर राहिलं! बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आई मात्र हसली नाही, चहाचे कप उचलून आत गेली. आनंद झाला की ती गप्प होते कधीकधी.

२८ जानेवारी

दुपारी गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं आणि बाबांचा फोन. "गाडी बिघडलीय. ये."

दुकान बंद करून धावत गेले. उताराच्या तोंडाशी गाडी अर्धी गवतात उभी. आई आत, बाबा बाहेर — कागदासारखे पांढरे. मी गाडी खाली नेली, वर आणली. काहीच बिघाड नाही.

"काय बिघडलंय, बाबा?"

"स्क्रीन."

आईने गाणी लावायला कुठलंतरी बटण दाबलं होतं, काड्यांचं पान जाऊन रेडिओ आला होता. मी दोनदा बोट लावलं, काड्या परत. इतकी हसले! यासाठी मला दुकान बंद करायला लावलंत? दोघांपैकी कुणीच हसलं नाही. आई रुमालाने तळहात पुसत होती.

दुकानात परत येऊन चष्म्याच्या काचा पुसायला बसले आणि हात थांबला. आपल्याला दिसत नाही हे ज्यांना लपवायचं असतं, अशी माणसं माझ्याकडे तक्ता पाठ करून येतात. मी त्यांना बरोबर पकडते. आणि घरातलं माणूस?

पाय किती दाबला जातोय हे बाबा काड्यांवरून वाचतात. दुसरीकडून त्यांना ते कळतच नाही. भाजलं ते कळलं नाही. माझी गाडी नको, कारण तिच्यात काड्या नाहीत. सिग्नल लांब असतानाच ब्रेक, कारण ऐन वेळी पाय काय करेल याचा भरवसा नाही. आणि गेटपाशी गाडी मुंगीच्या चालीवर, तिथे काड्या नसतात — तिथेच खांब लागला!

मी नुसते डोळेच तपासत बसले. देवा.

२९ जानेवारी

सकाळी बाबांना म्हटलं, डोळे मिटा. पाय पुढे करायला लावले. पेन्सिल घेतली. डाव्या तळव्याला टेकवली तर म्हणाले, "बोटांपाशी." होती टाचेपाशी. उजव्याला पट्टी सोडून बाकी सगळीकडे टेकवली, दाबली. ते डोळे मिटून शांत बसलेले. मग म्हणाले, "लावलीस का गं?"

मला रडूच फुटलं. त्यांनी डोळे उघडले, पेन्सिलीकडे बघितलं आणि सगळं समजले.

"कधीपासून, बाबा?"

"जुन्या गाडीत क्लच सापडेना पायाला. तेव्हापासून. मग ही घेतली. हिला क्लचच नाही, आणि हिच्यात दिसतं तरी."

चिडले मी. खूप बोलले. रस्त्यात पोरं असतात, सायकली असतात, शेजारी आई बसलेली असते! ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझी आई त्या नवव्या मजल्यावर खिडकीशी बसून राहते गं. मला बघवत नाही." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. उद्या डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर नुसती मान डोलावली.

ज्या सव्वीसचा मी दादापुढे एवढा नाच केला, ते सव्वीस भीतीने पडत होतं. आणि मी त्याची नक्कल करून खूश!

३० जानेवारी

डॉक्टर म्हणाले, गेलेली जाणीव परत येईलसं नाही, आहे ती सांभाळा. दादाला फोन करून सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "रविवारी येतो. सामान बांधायला घ्या." आई आतून ऐकत होती. झाडांना पाणी घालायला निघून गेली.

१ फेब्रुवारी

दुकान उघडतेय तोच दारात आई. एकटी! काठी टेकत टेकत अख्खी टेकडी उतरून चौकापर्यंत आली, तिथून बस. धापा टाकत तपासणीच्या खुर्चीत बसली. "बघ डोळे. लायसन्सला दाखला लागतो ना?"

"कुणाच्या?"

"माझ्या. डावा गुडघा गेलाय, पण त्या गाडीला डावा पाय लागतो कुठे?"

अडुसष्ट वर्षांत स्टिअरिंगला हात न लावलेली बाई! म्हटलं, आई, अगं ब्रेक कधी दाबायचा, किती दाबायचा, हे या वयात —

"दोन वर्षं त्यांना कोण सांगतंय?" म्हणाली, आणि तक्ता सगळ्यात खालच्या ओळीपासून वाचायला लागली.