ग्रहणातली विळी

माय, पायांवर डोकं ठेवून साधनाचा नमस्कार. हैदराबादेत आमी दोघं बरी आहोत. तुझे गुडघे कसे हायेत?

माझ्या भावाच्या, आपल्या माऊलीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. पोटात लेकराचा मेंदू घडताना जनुकं पाळीपाळीनं चालू-बंद होतात, जसं तू हळदीला पाणी देताना एका सरीचं दार बुजवून दुसरीचं उघडतेस. माऊलीचं एक दार वेळेवर उघडलंच न्हाई. हे आपोआप झालं, तुझ्यामुळं न्हाई.

तो पोटात असताना तू ग्रहणात वांगं चिरलंस म्हणून तो बोलत न्हाई, असं आजी म्हणली. तवापासून तू विळी माळ्यावर टाकलीस. ती खाली काढ.

मला तिसरा महिना हाय. माझंबी रक्त तपासायला दिलंय, सहजच. पुढल्या ग्रहणाला येऊन त्याच विळीवर वांगी मीच चिरणार.

तुझीच,
साधना