परतीची ओळ

६ फेब्रुवारी, मंगळवार
कोर्टात लालासाहेब माझ्या समोरून गेला. जामिनावर. मिशी कोरलेली! सोबत्याला म्हणाला, "लय माज हुता नाथाजीला."
नाथाजी — माझा नवरा. पाण्याच्या पाळीवरून यानंच उसात कोयत्यानं तोडला. सतरा वार. उजव्या हाताची बोटं सरीत सापडली.

८ फेब्रुवारी
सांगलीला पॉलिटेक्निकवर दुसऱ्या वर्षाला असेंब्ली भाषेतलं प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरू केलं. मुलं प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठं जंप मारतात. म्हटलं, कामाचे तुकडे करा. आत यायची वाट एकच, बाहेरची एकच. तुकड्याला कॉल केलात की शेवटी रिटर्न, म्हणजे परतीची ओळ, पाहिजेच, नाहीतर प्रोसेसर पुढं दिसेल ते चालवत सुटतो.
"म्हंजे येडाच झाला की, मॅडम!" — साईराज. सगळे हसले.
गृहपाठ: घरातलं रोजचं एक काम असं मांडा. आधी मराठीत.

१० फेब्रुवारी
वर्गातली संयोगिता लालासाहेबाची मुलगी. कॉलेजात माझं माहेरचं आडनाव, गावी मी कधी राहिले नाही. तिला मी कोण ते ठाऊक नाही.
तिनं 'पप्पांची मोटर' लिहिलंय. सकाळी सहाला ओढ्याच्या वाटेनं जातात. एकटे. वीज नसेल तर विहिरीवर थांबणे. वीज आली की मोटर चालू करणे.
सुबक मांडलंय. फक्त शेवट नाही. लाल शाईनं लिहिलं — परतीची ओळ राहिली.
लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

११ फेब्रुवारी, रविवार
धाकटे दीर दादासो आष्ट्याहून आले.
"वैनी, कवा अन् कुठं एकटा घावतोय, त्येवढं कळू द्या. मुंडकंच आणतो."
"चहा ठेवते, भावजी," एवढंच म्हणाले. उठताना संयोगिताचं पान गृहपाठाच्या गठ्ठ्याच्या वर ठेवलं.
आत दूध उतू गेलं. तशीच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा दीर नव्हते. पानही नव्हतं.

१२ फेब्रुवारी
संयोगितानं पान मागितलं. हरवलं म्हटलं.
"असू द्या मॅडम, परत लिहिते. काय चुकलं हुतं?"
मी फळा पुसत राहिले. कोरा झाला तरी.

१३ फेब्रुवारी
लालासाहेब मोटरीवर एकटा नव्हता. तो घरी पोचला. दादासो विहिरीत सापडले, पोट फाडलेलं.
त्यांच्या खिशातलं ओलं पान पोलिसांनी पुढं केलं. लाल शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं.
"बाई, हे लाल अक्षर कुणाचं?"
"माझं."