गिरमिटाची पाळी

४ मार्च, सकाळी
काल आमचं यान चंद्रावर उतरलं. थोडं कलून. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारावी लागते ना, तसं. कंट्रोल रूममध्ये सगळे टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत. कलायला नेमकी हीच बाजू का सापडली, हा प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच पडला नाही. कॅमेऱ्याला समोरचा डोंगर अख्खा दिसतोय आणि माझं गिरमिट कोपऱ्यात.
गिरमिट म्हणजे जमिनीला हातभर भोक पाडून खालच्या मातीत बर्फ आहे का ते बघणारं यंत्र. माझी उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली.
आजपासून रोजनिशी. शांत राहायचं. कुणावर विश्वास टाकायचा नाही. साखर बंद.

५ मार्च
मीटिंग. यान कलल्यामुळे सोलर पॅनेलवर ऊन कमी, म्हणून वीज कमी, म्हणून पाळ्या. पहिली पाळी कॅमेऱ्याची. साहेब म्हणाले, आधी आजूबाजूचं बघून घेऊ, गिरमिटाखाली दगड असला तर पातं मोडेल. ऐकायला पटतं. पटणाऱ्या गोष्टींचाच मला जास्त संशय येतो.
कॅमेरा सांभाळणाऱ्या कॅमेराबाई माझ्याकडे बघून हसल्या. का हसल्या? मी हसलो नाही. चहात साखर घेतली, पण ती विचार करण्यासाठी.

६ मार्च, दुपारी
खबरदारी म्हणून कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. कुणाला सात जन्मांत सुचणार नाही असा. जेवून आल्यावर मलाही सुचेना. बॅटरीवाला, म्हणजे यानाच्या विजेचं बघणारा माझा जुना मित्र, आला आणि चुटकीसरशी उघडून देऊन गेला. म्हणजे याला सगळ्यांचं उघडता येतं!

८ मार्च
कॅन्टीनमध्ये कॅमेराबाई आणि बॅटरीवाला डोक्याला डोकं लावून बसले होते. मी गेलो तर गप्प. ‘गिरमिट’ हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. काहीतरी शिजतंय. यापुढे भिंतीला पाठ लावून जेवायचं.
घरी बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, तुमच्याच कामाचं बोलत असतील. किती भोळी आहे ही!

९ मार्च
कॅमेराबाईंचे फोटो सगळ्या पेपरांत. सासूबाईंचा फोन. फोटो सुरेख आलाय म्हणाल्या, डावीकडचा तो बारका पाय तुमचा का? मी म्हटलं, तो पाय नाही, ते या मोहिमेचं हृदय आहे. त्या म्हणाल्या, असू दे, मजबूत दिसतोय.

१० मार्च
कॅमेराबाईंनी मीटिंगमध्ये नवीनच टूम काढली. म्हणे डोंगराची सावली आमच्या अंदाजापेक्षा लवकर सरकतेय. ती पॅनेलवर आली की यान झोपणार, आणि पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. एकामागून एक फोटो दाखवले. मला सगळ्या सावल्या सारख्याच दिसल्या. माणसाला घाई करायला लावायची, ही तर फसवणाऱ्यांची पहिली खूण. आपण मुळीच घाई करायची नाही.

११ मार्च, सकाळी
कहर झाला. कॅमेराबाई माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, माझी उरलेली पाळी तुम्ही घ्या. माझा डोंगराचा फोटो अर्धा राहिला तरी चालेल. तेवढ्या विजेत तुमचं भोक पुरं होईल, आम्ही त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून तेच जुळवत होतो. पण आजच सुरू करा.
मी म्हटलं, हे सगळ्यांसमोर सांगाल? त्यांनी लगेच उठून सगळ्यांसमोर सांगितलं. इतकं लगेच! फुकटात कोण कुणाला काय देतं?

दुपारी
डाव ध्यानात आला. अपुऱ्या विजेत गिरमिट अर्ध्यात अडकणार आणि बोभाटा माझा होणार. मी अट घातली, पात्याखालच्या जमिनीचा ताजा फोटो हवा. त्यांनी काढला. फोटो उतरून यायला वेळ लागतो, म्हणून म्हटलं, तोवर मोटर गारठली नाही ना ते तपासा. तपासलं. पुन्हा तपासा म्हटलं. बॅटरीवाला कळवळून म्हणाला, अरे बाबा, प्रत्येक तपासणी वीज खाते. याला एवढा कळवळा कशाचा?
शेवटी साहेबांनी विचारलं, तुमचा होकार आहे का? अख्खी खोली माझ्याकडे आशेने बघत होती. इतकी माणसं एकदम माझ्या बाजूने आजवर कधी नव्हती. मी सावध झालो. म्हटलं, उद्या सकाळी सांगतो.

संध्याकाळी
बायकोला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, इतके दिवस पाळी देत नाहीत म्हणून माझं डोकं खाल्लंत, आणि आज हातात आणून दिली तर घेत नाही? मी विचारलं, तुला कॅमेराबाईंचा फोन कधी आला होता? ती पुन्हा भाजी चिरायला लागली, जरा जोरातच.
ठीक आहे. ठरलं. उद्या होकार. सगळ्यांना दाखवूनच देतो.

१२ मार्च, सकाळी
इस्त्रीचा शर्ट घालून लवकर गेलो. सगळे स्क्रीनभोवती उभे होते. पहाटे सावली पॅनेलवर आली. यान झोपलंय. हाका मारताहेत, उत्तर नाही.
मी साहेबांपाशी जाऊन म्हटलं, माझा होकार आहे. ते म्हणाले, बरं.

१३ मार्च
उत्तर नाही. सावली वेळेआधी आलीच कशी, याची चौकशी व्हावी, असं मी ठणकावून सांगितलं. बॅटरीवाला म्हणाला, बाईंनी मीटिंगमध्येच सांगितलं होतं. याला बरं सगळं लक्षात राहतं.
साखर पुन्हा चालू. तात्पुरती.

१५ मार्च
आज हाका मारणं बंद केलं. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. माझेही.
नंतर कॅमेराबाई एक फोटो घेऊन आल्या. यानाने काढलेला शेवटचा. मी अट घालून काढायला लावलेला. पातं लख्ख दिसतंय. खाली एकही दगड नाही, चाळलेल्या पिठासारखी माती. मध्ये बोटभर अंतर.
तुमच्याकडे असावा म्हणून आणला, म्हणाल्या. मग म्हणाल्या, खाली काय आहे ते मलाही बघायचं होतं हो.
मी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. डोळे ओले होते. बाकी काही सापडलं नाही.
घरी येऊन लिहायला बसलो, की या सगळ्यामागे कुणाचा तरी हात आहे. नाव लिहायला जागा सोडलीय. बायको जेवायला हाका मारतेय. दोनदा मारून झाल्या.