फोन न लागणारं गाव

१४ तारीख, बुधवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, तुझ्या ऑफिसात गर्दी असेल, लोकांना सुट्टीत कुठं पाठवायचं या काळजीत तू असशील. इकडचं म्हणशील तर माझी तब्येत उत्तम आहे. चार लोकांनी सांगितलं, चेहरा उजळलाय म्हणे. समोरच्या ड्रायक्लीनरने तर विचारलं, "कुठं गेला होतात? आम्हालाही पत्ता द्या." मी दिला. तुझं गिऱ्हाईक वाढलं तर माझं काय जातंय.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू रडतेस. आणि तू रडायला लागलीस की मी लहानपणापासून माघार घेत आलेय. या वेळी घ्यायची नाही.

तुझं काम तुला छान जमतं हे कबूल करायलाच हवं. जोडप्याला समोर बसवायचं, डोंगर हवा की पाणी विचारायचं, जिना चढवतो का, गर्दी चालते का, आणि मग हळूच, "घरी मागे कोण राहणार?" तूच मला एकदा सांगितलं होतंस की शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माणसाचा जीव कशात अडकलाय ते कळलं की त्याला सुट्टी विकता येते. माझा जीव कशात अडकलाय हे तुला न विचारताच ठाऊक होतं. तरी तू आमच्या स्वयंपाकघरात बसून गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलंस. मी हसले. म्हटलं, "मला काहीही चालेल, फक्त फोन लागला पाहिजे. बाबांना संध्याकाळी माझा आवाज लागतो."

तू म्हणालीस, "लागतो गं. आणि मी येऊन राहतेय ना आठवडाभर!"

तू पाठवलंस तिथलं तळं सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? खोलीला मोठी खिडकी, खाली होडी बांधलेली, आणि उठवायला कोणी नाही. पहिल्या दिवशी मी जी ढाराढूर झोपले ती थेट दुपारी उठले. फोन लागतच नव्हता. तुझे भाऊजी, जे बाजारात गेले तरी "पोचलो" म्हणून कळवतात, ते म्हणाले, "असू दे गं, ठमी आहे तिथं." मी गावात जाऊन फोन करते म्हटलं की यांच्या गाडीचं काहीतरी बिघडायचं. मला संशय यायला हवा होता. आला नाही. नवऱ्यावर आणि बहिणीवर संशय घ्यायची सवय नव्हती मला.

होडीत त्यांनी माझा हात धरला. कितीतरी वर्षांनी. "बरं वाटतंय ना?" पुन्हा थोड्या वेळाने, "खरंच बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, हो हो, किती विचाराल! आणि मोठ्यानं हसले. मला राग कशाचा येतो सांगू? त्या हसण्याचा. मी तिकडं हसत होते तेव्हा तू इकडं बाबांची बॅग भरत होतीस.

परत आल्यावर बाबांच्या खोलीचं दार उघडलं तर आत रंगाचा वास. भिंती पिवळ्या, पलंग नाही, आणि खिडकीशी माझं शिलाई मशीन. वर नवा दिवा. तू दारात उभी राहून म्हणालीस, "ताई, आता तुला उजेडात शिवता येईल." मी बाबांना हाका मारत न्हाणीघरापर्यंत गेले, ठमे. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतात. ते बघणं बघूनच मला काय ते कळलं. किती दिवस शिजत होतं हे तुमचं?

यांना विचारलं तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस."

खरं आहे. गेले नसते.

आता दुसरं सांगते, हे मी यांनाही सांगितलेलं नाही. मी थकले होते. बाबा रात्री उठून "गाडी सुटायची वेळ झाली" म्हणत दाराशी जायचे, तेव्हा कधी कधी मनात यायचं, जाऊ दे एकदाचं. मशीनवर डुलकी लागून सुई बोटात गेली होती, ते तू पाहिलंस. तू समोर बसून विचारलं असतंस ना, तर मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक हो म्हटलं असतं. पण मग मी स्वतः नेलं असतं त्यांना त्या वृद्धाश्रमात. पलंग कुठल्या बाजूला लावायचा ते सांगितलं असतं. ते ड्रायव्हर होते तेव्हाच्या त्यांच्या कोटाची बटणं लावत-काढत बसले की ते शांत होतात, हेही सांगितलं असतं. तिथल्या लोकांनी ती बटणं कापून टाकलीत. गिळतील म्हणून.

काल मी तिथं गेले. बाबा जिन्याजवळच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "बसा बाई. तुमचंही कोणी येणार आहे का?"

मी विचारलं, तुमचं कोण येणार आहे?

"कोणी नाही. मोठी लेक सुट्टीवर गेलीय. तिनंच सांगितलं म्हणे, यांना इथं सोडा. धाकटी म्हणाली." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तिला माझा कंटाळा आला असेल हो. चिडू नका तिच्यावर."

माझ्या नावावर, ठमे? दुसरं काही सुचलं नाही तुला?

तुझे भाऊजी रोज चहा करून मशीनपाशी ठेवतात. मी मशीन पुन्हा बाहेरच्या खोलीत आणलंय. त्यांचं काय करायचं ते मी बघेन. तुझ्याकडे काम आहे ते एवढंच: ज्यानं दाखल केलं त्याच्याच सहीनं माणूस सोडतात, असं तिथल्या बाई म्हणाल्या. शनिवारी सकाळी ये. बाबांना मी घरी आणणार आहे. पुढं नाही जमलं तर नाही जमलं, पण ते मी ठरवीन, आणि त्यांना माझ्या तोंडानं सांगेन.

सही झाली की लगेच निघू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि सांग की ताईनं असं काही म्हटलं नव्हतं. ते ऐकतील आणि विसरतील. मग पुन्हा सांग. पुन्हा विसरले तर पुन्हा सांग. मी शेजारी उभी असेन, मला घाई नाही.

अजून तरी तुझीच,
ताई