ओटीचा नारळ माझ्या पिशवीत

खामगाव,
रविवार

चिरंजीव प्रतिमास (साठीला टेकलीस तरी माझी धाकटी मावसबहीणच),

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिना चढताना गप्प असतात, उतरताना बोलतात.

हल्ली मी दर शनिवारी वडनेर भोलजीला नववी-दहावीच्या मुलामुलींना चांगलं नातं कसं असतं ते शिकवते. आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आपल्याला डोक्यावर पुस्तक ठेवून ताठ चालायला शिकवलं (संसाराबद्दल एवढंच, की जेवताना काटा डाव्या हातात). म्हणून मी नाटुकल्यापासून सुरुवात केली. सासूचं काम कोणी घेईना, मी घेतलं. कुशल नावाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमाले सराव दिसते." (माझ्या सुनेला कळवू नकोस.) मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी विचारा, मग उत्तर ऐका.

मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर दहावीतली अर्पिता मला घरी घेऊन गेली. माझी तक्त्यांची पिशवीही आग्रहाने तिनेच उचलली. घरात बैठक बसलेली. तिची थोरली बहीण सारिका नवऱ्याचा मार खाऊन महिन्यापूर्वी माहेरी आलेली, सासरे हिंमतराव तिला न्यायला आलेले, आणि वडील पंजाबराव, संसारात थोडंफार व्हायचंच म्हणत, पाठवायला तयार. सारिकाला पाटावर बसवलं आणि ओटीचा नारळ सापडेना. नारळाशिवाय लेक निघत नाही. कोठी झाली, देवघर झालं, शेवटी हिंमतराव स्वतः मोबाइलचा उजेड पाडत पलंगाखाली शिरले (निघायला दोघांची मदत लागली). दुकानात माणूस धाडला, तर दोन्ही दुकानांतले नारळ माझ्या वर्गाने सकाळीच विकत घेतलेले (हे मला मागाहून कळलं).

मी घाम पुसायला रुमाल शोधत पिशवीत हात घातला. हाताला शेंडी लागली.

प्रतिमा, आपल्या शाळेत लपवाछपवीला गुडघ्यांवर बसवत. मी पिशवी मांडीवर ओढली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि डोक्यावर पुस्तक असल्यासारखी ताठ बसले.

तेव्हा अर्पिता बोलली. "बाबा, नारळ सारेच शोधून राह्यले. ताईले कोनी इचारलं का, तिले जायचं हाय का?"

सगळे गप्प. (उत्तर ऐकायला एवढी शांतता लागते, हे मी शिकवलं नव्हतं.) सारिका पाटावरून उठली. "मले नाई जायचं."

पंजाबरावांनी ओटीच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग हिंमतरावांना म्हणाले, "चहा घ्या अन् निघा. पोरगी इथंच राह्यते."

सोमवारी सारिका माझ्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवून आली. काल वर्गाने तो नारळ माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला. टेबलाचा टवका उडाला, पण मला इतका आनंद दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

तुझी,
निवेदिताताई

ता. क. उरलेल्या नारळांच्या वड्या पाठवते आहे. कडक झाल्यात, दाताला जपून.

आणखी एक ता. क. वड्या थापताना आठवलं. तेवीस वर्षांची तू सुजलेला गाल घेऊन माझ्या दारात आली होतीस. मी काही विचारलं नाही. नारळ मात्र वाजवून, पारखून घेतला, तुझी ओटी भरली आणि तुला परत सासरी, मेहकरच्या गाडीत बसवून आले. आज विचारते, उशीर झालाय तरी विचारते: तुला तिथे राहायचं आहे का? वरची खोली झाडून ठेवली आहे, आणि घरात एकही नारळ ठेवलेला नाही.